मशीन लर्निंगमधलं संशोधन आणि पुण्यातली प्राध्यापकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातून दोनदा मला प्रश्नांचे ढीग येतात. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना पालक लिहितात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीचं ऑफर लेटर हातात असलेली मुलं "मॅडम, पाच मिनिटं आहेत का?" म्हणत दारात उभी राहतात आणि तासभर बसतात. वीसहून अधिक वर्षं मी पुण्यात कॉम्प्युटर सायन्स शिकवते आहे, मशीन लर्निंगवर, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमवर, काम करते आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवली. नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

१. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांत फरक काय? आमच्या कॉलेजात सगळ्यांनाच 'प्रोफेसर' म्हणतात.

बोलताना म्हणतात, कागदावर तीन पायऱ्या आहेत. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापक लेव्हल १० वर रुजू होतो, मूळ वेतन ५७,७०० रुपये. सहयोगी प्राध्यापक लेव्हल १३ए वर, १,३१,४०० पासून. प्राध्यापक लेव्हल १४ वर, १,४४,२०० पासून. महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. मधल्या पायऱ्या 'कॅस'मधून, म्हणजे सेवेची वर्षं, प्रशिक्षणं आणि संशोधन दाखवून चढायच्या असतात. हे आकडे मंजूर पदावरच्या पूर्ण वेतनाचे आहेत. पुण्यातल्या बऱ्याच विनाअनुदानित कॉलेजांत ठोक पगार ठरवून देतात आणि तो याच्या जवळपासही नसू शकतो. मुलाखतीत हा प्रश्न विचारायला संकोचू नका. माझ्या पहिल्या नोकरीत मी संकोचले आणि पाच वर्षं त्याची किंमत मोजली.

२. सहायक प्राध्यापक व्हायला नेमकी कोणती डिग्री लागते? नेट की एम.टेक.?

तुम्ही कोणत्या दारातून आत जाणार त्यावर ते ठरतं. इंजिनिअरिंग कॉलेजांना एआयसीटीईचे (तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेचे) नियम लागू होतात: बी.ई. किंवा बी.टेक. आणि एम.ई. किंवा एम.टेक., दोन्हींपैकी एकीत प्रथम वर्ग. तिथे नेट (राष्ट्रीय प्राध्यापक पात्रता परीक्षा) लागत नाही. सायन्स कॉलेजं आणि विद्यापीठाचे विभाग यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनी चालतात: पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (तशीच राज्य पातळीवरची परीक्षा), पीएचडीधारकांना अटींवर सूट. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. मधल्या काळात विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापक पदासाठी पीएचडी सक्तीची होणार होती. जुलै २०२३ पासून ती अट मागे घेतली गेली.

पुढच्या दोन्ही पदांना मात्र पीएचडीशिवाय रस्ता नाही. एआयसीटीईच्या नियमात सहयोगी प्राध्यापकासाठी आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षं पीएचडीनंतरची.

वेगळ्या शाखेतून येत असाल तर प्रश्न १४ पाहा.

३. मी मशीन लर्निंगचे तीन ऑनलाइन कोर्स केलेत, मॉडेल ट्रेन करता येतं. मग संशोधन म्हणजे आणखी काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एम.टेक.चा एक विद्यार्थी होता, घरची डाळिंबाची बाग असलेला. पानांचे फोटो पाहून तेल्या रोग ओळखणारं मॉडेल त्याला करायचं होतं. सुट्टीत गावी जाऊन त्याने हजारो फोटो काढले, मॉडेल ट्रेन केलं आणि निकाल पाहून आम्ही दोघंही खूश झालो. मॉडेल क्वचितच चुकत होतं. मग त्याने मामाच्या बागेतले, दुसऱ्या तालुक्यातले फोटो दिले आणि मॉडेलला जवळजवळ काहीच ओळखता येईना.

कारण शोधायला दोन महिने गेले. त्याने एकेका फांदीचे दहा-बारा फोटो काढले होते, आणि ट्रेनिंगचा व चाचणीचा डेटा वेगळा करताना सगळे फोटो पिसून वाटले होते. म्हणजे त्याच फांदीचे काही फोटो शिकायला आणि उरलेले परीक्षेला. शिवाय रोगट पानांचे बहुतेक फोटो दुपारी, बागेच्या एकाच कोपऱ्यात काढलेले. मॉडेल डाग शिकलंच नव्हतं, तो कोपरा आणि ते ऊन शिकलं होतं.

इथपर्यंतचं काम कोर्स केलेल्या कुणालाही जमतं. यानंतर त्याने जे विचारलं ते संशोधन: बागेनुसार डेटा वेगळा केला तर खरी अचूकता किती? मॉडेल पानाकडे पाहतंय की मागच्या मातीकडे, हे कसं तपासायचं? नव्या बागेतले किती थोडे फोटो मिळाले तर मॉडेल सावरतं? आणि हे डाळिंबापुरतं आहे की कुठल्याही पिकाला लागू पडतं?

'मशीन लर्निंग' हा शब्द आर्थर सॅम्युएल यांनी १९५९ मध्ये चेकर्स खेळणाऱ्या प्रोग्रॅमबद्दलच्या लेखात वापरला. १९८४ मध्ये लेस्ली व्हॅलियंट यांनी 'शिकता येणं' म्हणजे काय याची गणिती व्याख्या मांडली. मोजके नमुने पाहून न पाहिलेल्याबद्दल कधी भरवशाने बोलता येतं, हा त्या व्याख्येमागचा प्रश्न. मामाच्या बागेत आम्ही त्याच प्रश्नाला धडकलो होतो. लायब्ररी बदलतात, मॉडेलं बदलतात, हा प्रश्न तसाच आहे.

४. गणित किती लागतं? मला बारावीपासून भीती वाटते.

रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि सांख्यिकी, थोडं बहुचल कलन आणि ऑप्टिमायझेशन. एवढं पक्कं असेल तर बहुतेक पेपर वाचता येतात. सिद्धान्ताकडे जायचं असेल तर खूप जास्त लागतं.

भीतीबद्दल: माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मुलांची भीती गणिताची नसते, घड्याळाची असते. तीन तासांत सहा प्रश्न सोडवायच्या सवयीने आपल्याला वाटतं की लगेच सुचलं नाही तर येत नाही. संशोधनात एका ओळीवर चार दिवस अडून बसणं रोजचं आहे आणि त्यात कमीपणा नाही. गणित एकट्याने होत नसेल तर लोकांत जाऊन बसा. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान लॉ कॉलेज रोडजवळच आहे. तिथल्या व्याख्यानांची चौकशी करा.

५. पीएचडीला किती वर्षं लागतात आणि तोवर पोट कसं भरायचं?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, फेरनोंदणी करून आणखी दोन. प्रत्यक्षात आमच्या विषयात पाच धरून चला. प्रवेश विद्यापीठाच्या 'पेट' या पीएचडी प्रवेश परीक्षेतून, नाहीतर नेटच्या गुणांवर. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली असेल तर पदव्युत्तर न करताही अर्ज करता येतो. आई-वडिलांना हे सहसा माहीत नसतं, त्यांना दाखवा.

पैशाचं असं: जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळालं तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढे ८०,०००. ती मोजक्या संस्थांपुरतीच असते. राज्य पातळीवर अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, मराठा समाजासाठी सारथी (दोन्हींची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत) आणि इतर मागासवर्गीयांसाठी नागपूरची महाज्योती. या फेलोशिप वेळेवर हातात पडतीलच असं समजून भाड्याचा करार करू नका. माझ्या दोन विद्यार्थ्यांना हप्ता थकल्यामुळे सदाशिव पेठेतली खोली सोडावी लागली. त्यातल्या एकाने पीएचडीही सोडली. तो हुशार मुलगा होता आणि मला अजून वाईट वाटतं.

६. गाईड कसा निवडायचा? नावावर जायचं का?

नावावर जाऊ नका, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांकडे जा. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे चांगल्या गाईडकडे जागा नसणं नेहमीचंच. जागा सहज मिळत असेल तर ती का रिकामी आहे हे विचारा.

त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याला कँटीनमध्ये गाठा आणि चार गोष्टी विचारा. सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळ भेटतात? तुझा मसुदा परत द्यायला त्यांना किती दिवस लागतात? पेपरवर पहिलं नाव कुणाचं असतं? त्यांच्या घरची किंवा संस्थेची कुठली कामं तुला करावी लागतात? शेवटच्या प्रश्नाला समोरचा गप्प झाला तर उत्तर मिळालं असं समजा.

तरुण सहायक प्राध्यापकाकडे जायला घाबरू नका. त्यांचं स्वतःचं करिअर तुमच्या कामावर उभं राहणार असतं. ते कोड उघडून तुमच्या शेजारी बसतील. ज्येष्ठांकडे अनुभव आणि ओळखी असतात, पण ते समित्यांमध्ये अडकलेले असतात. हे मी स्वतः ज्येष्ठ झाल्यावर सांगते आहे.

७. तुमचा रोजचा दिवस कसा असतो? संशोधनाला खरंच वेळ मिळतो का?

नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वरच्या दोन पदांना १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. ऐकायला कमी वाटतं. एका तासाच्या लेक्चरमागे, विषय नवा असेल तर, तीन-चार तासांची तयारी असते. प्रॅक्टिकलच्या बॅचेस, जर्नल तपासणी, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ग्रुप, सबमिशनचा आठवडा, दुसऱ्या कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून जाणं, पेपर तपासणी. वर नॅक किंवा एनबीए या कॉलेजची तपासणी करणाऱ्या संस्थांची टीम येणार असेल तर सहा महिने फायली.

मग संशोधन कधी? मी सकाळी साडेसहा ते नऊ हे तास त्यासाठी राखले. त्या वेळात फोन बंद. मुलगी लहान होती तेव्हा हे सासूबाईंच्या जिवावर जमलं, हेही सांगायला हवं. दुपारी चारनंतर दार उघडं असतं आणि विद्यार्थी येतात. माझ्या बहुतेक चांगल्या कल्पना त्या चारनंतरच्या बोलण्यातून आल्या. शिकवण्याने संशोधनाचा वेळ जातो अशी तक्रार मी बरीच ऐकते आणि ती खोटी नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलीने "मॅडम, पण ग्रेडियंट उलटाच का जातो?" असं विचारलं की आपल्याला जे समजलंय असं वाटत होतं ते पुन्हा मुळापासून समजून घ्यावं लागतं. ज्याला हा क्षण आवडत नाही, त्याने संशोधन संस्थेत जावं. कॉलेजात त्याची आणि मुलांची दोघांचीही कुचंबणा होईल.

८. या विषयासाठी पुण्यातच राहण्यात काय अर्थ आहे? बेंगळुरूला जाऊ का?

जायचं असेल तर जरूर जा. पण इथे काय आहे ते न पाहता जाऊ नका.

पुण्यात प्रश्न आहेत, आणि ते डेटासकट आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आकाशातल्या खऱ्या लहरी आणि माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट वेगळे करणं हा शिकणाऱ्या यंत्रासाठी अस्सल प्रश्न आहे. विद्यापीठाच्या आवारात १९८८ पासून आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था आहे. पाषाणला आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेत मान्सूनवर काम चालतं. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं होतं. पावसाच्या इतक्या जुन्या नोंदी ज्या शहराच्या अंगणात आहेत, तिथल्या मुलाने पीएचडीसाठी परदेशी फुलांच्या फोटोंचा तयार डेटासेट उतरवून घ्यावा, याची मला खंत वाटते.

संगणकाचा इतिहासही इथला आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ मध्ये इथे सुरू झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. २०२० मध्ये सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता. आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे. सीओईपी ही अभियांत्रिकीची संस्था १८५४ पासून आहे.

उणीव काय? शुद्ध मशीन लर्निंग सिद्धान्तावर काम करणाऱ्यांची संख्या इथे कमी आहे. त्यासाठी बेंगळुरू, मुंबई, चेन्नई ही शहरं जास्त भरलेली आहेत. त्या वाटेला जायचं असेल तर माझं उत्तर "जा" असंच आहे.

९. आमच्या कॉलेजात जीपीयू (मॉडेल ट्रेन करायला लागणारी वेगवान चिप) नाही. मग हे सगळं फक्त मोठ्या संस्थांचं काम का?

मोठी भाषा-मॉडेलं मुळापासून ट्रेन करणं, हो, आपलं काम नाही. त्यांच्याकडे असलेल्या यंत्रांशी स्पर्धा करू नका. पण डेटा नीट गोळा करणं, मॉडेल कुठे आणि का चुकतं हे शोधणं, थोड्या डेटात शिकण्याच्या पद्धती, छोटी मॉडेलं: हे सगळं कोलॅब किंवा कॅगल या वेबसाइटांवर मिळणाऱ्या फुकट जीपीयूवर होतं. त्यापुढे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर वेळ मागता येतो. केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या इंडिया-एआय मिशनमध्येही सवलतीत जीपीयू देण्याची योजना आहे. प्रश्न ३ मधलं डाळिंबाचं काम एका जुन्या गेमिंग लॅपटॉपवर झालं होतं.

१०. मराठी भाषेवर संशोधन केलं तर करिअर होईल का? की ते 'लोकल' समजतात?

होतं, आणि मी आग्रहाने सांगते की करा.

एक उदाहरण घ्या. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. फरक त्या अर्ध्या ऱ चा. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत) ऱ हे अक्षर र आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असं सुटं करता येतं. हिंदी मजकूर साफ करताना अनेकजण नुक्ते काढून टाकतात, म्हणजे 'ज़रा' आणि 'जरा' एक होतात. तीच प्रक्रिया मराठीवर चालवली की सह्याद्रीतल्या सगळ्या दऱ्यांचा समुद्र होतो. ही चूक न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या माणसाला दिसणार नाही. जुन्नरच्या मुलीला पहिल्या पानावर दिसते.

दुसरं: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एक. त्यामुळे इंग्रजी समोर ठेवून बनवलेलं टोकनायझर (मॉडेलसाठी मजकुराचे तुकडे पाडणारा प्रोग्रॅम) मराठी शब्दांचे बारीक तुकडे करतं. तोच मजकूर महाग पडतो आणि मॉडेलला संदर्भासाठी जागा कमी उरते. तिसरं म्हणजे आपलं सामान्यरूप: पुणे, पुण्यात, पुण्याच्या, पुण्यातल्यांनासुद्धा. एकाच नावाची इतकी रूपं थोड्या डेटात शिकायची कशी, हा प्रश्न तमीळ, तुर्की, फिनिश भाषांवर काम करणाऱ्यांनाही भेडसावतो. म्हणून नीट मांडला तर तो 'लोकल' राहत नाही.

पुण्यात एल-थ्री-क्यूब हा गट नेमकं हेच करतो. मराठीचे डेटासेट आणि महाबर्टसारखी मॉडेलं त्यांनी सर्वांसाठी खुली केली आहेत, आणि त्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजालावर वर्षानुवर्षं काम झालं आहे, चेन्नईत एआय-फॉर-भारत आहे. पाया तयार आहे. बोलीभाषांवर, कोर्टाच्या कागदांवर, जुन्या मोडी दफ्तरांवर अजून खूप काम बाकी आहे.

११. पेपर कुठे पाठवायचा? एका जर्नलने पैसे भरल्यास आठवड्यात छापू असं सांगितलंय.

त्यांना उत्तरही देऊ नका.

मशीन लर्निंगमध्ये परिषदांना जर्नलइतकं, बहुतेकदा जास्त वजन असतं. न्यूरिप्स १९८७ पासून चालू आहे, शिवाय आयसीएमएल, आणि २०१३ पासून आयसीएलआर. भाषेवर काम असेल तर एसीएल. आयसीएलआरला आलेले अभिप्राय सगळ्यांना वाचायला खुले असतात. पीएचडीच्या पहिल्या वर्षी ते वाचत बसा, परीक्षक काय शोधतात ते कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळतं. जर्नल हवं असेल तर जेएमएलआर आहे, वाचायला आणि छापायला दोन्ही फुकट. २००१ मध्ये चाळीस संपादकांनी एका महागड्या जर्नलचा राजीनामा देऊन त्याला पाठबळ दिलं होतं.

इथे एक खरी अडचण येते. आपल्या बढतीच्या फॉर्ममध्ये वर्षानुवर्षं जर्नललाच गुण होते, परिषदेला नाममात्र. यूजीसीची मान्य जर्नलांची 'केअर' यादी, जिचं कामकाज आपल्याच विद्यापीठातून चालायचं, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि जर्नलची पारख आता संस्थांवर सोडली आहे. म्हणून माझा सल्ला: काम आधी परिषदेला पाठवा, मग वाढवून चांगल्या जर्नलला द्या. २०२२ पासून पीएचडीसाठी पेपर छापण्याची यूजीसीची सक्तीही नाही, तरी तुमच्या विद्यापीठाचा नियम विचारून घ्या.

आणि नकार येतो. माझ्या सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या पेपरला तीन ठिकाणी नकार मिळाला होता. दुसऱ्या नकारातला एक अभिप्राय इतका बरोबर होता की त्याच्यामुळेच पेपर सुधारला.

१२. हिंजवडीत दुप्पट पगार मिळतोय. तरी प्राध्यापकीत का यायचं?

घरावर कर्ज असेल, धाकट्या भावंडांचं शिक्षण तुमच्यावर असेल, तर नोकरी घ्या. त्यात कुठलाही कमीपणा नाही. अभियांत्रिकीच्या नियमांत उद्योगातला अनुभव पुढच्या पदांसाठी धरला जातो, त्यामुळे परतीचं दार बंद होत नाही. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्यांसाठी यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट काढली. त्याला पीएचडी लागत नाही, पण ते पद कायम नसतं, जास्तीत जास्त चार वर्षांचं.

यायचं असेल तर ते 'सुट्ट्या जास्त असतात' म्हणून येऊ नका (प्रश्न ७ वाचा). कुठला प्रश्न सोडवायचा हे स्वतः ठरवण्याचं स्वातंत्र्य हवं असेल तर या. कंपनीत तिमाही संपली की प्रश्न बदलतो. मी एकाच प्रश्नावर अकरा वर्षं काढली आणि मला कुणी थांबवलं नाही.

१३. मी चार वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, तासाप्रमाणे पगार) शिकवतोय. पीएचडीही चालू आहे. थांबू की सोडू?

हे पत्र दरवर्षी येतं, फक्त नाव बदलतं. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजं धरून, एका ठिकाणचे तास संपवून बसने दुसरीकडे पळणारे, मे महिन्यात हातात काहीच न पडणारे शिक्षक मी खूप पाहिलेत. ते माझ्याइतकंच शिकवतात, काहीजण माझ्यापेक्षा चांगलं. पदं मंजूर असून वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, हा अन्याय आहे आणि तो तुमच्या गुणवत्तेवरचा शेरा नाही.

तरी सल्ला मागितलात म्हणून सांगते. स्वतःला तारीख द्या. प्रबंध जमा करायला दीड वर्षाहून कमी उरलं असेल तर पूर्ण करा, पण सीएचबीचे तास कमी करून. त्याहून जास्त उरलं असेल तर अर्धवेळ नोंदणीचा विचार करा (प्रश्न १५) आणि पूर्ण पगाराची नोकरी धरा. अनुभवाची प्रमाणपत्रं आणि विद्यापीठाची मान्यता-पत्रं प्रत्येक सत्र संपताच घ्या. मान्यता नसलेला अनुभव पुढे बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. दहा वर्षांनी ते ऑफिस आणि तो क्लार्क दोन्ही सापडत नाहीत.

१४. माझं पदव्युत्तर शिक्षण सांख्यिकीत झालंय. काम मशीन लर्निंगवर. मला कॉम्प्युटरच्या विभागात घेतील का?

संशोधनासाठी तुमची पार्श्वभूमी उत्तम आहे, मी स्वतः अशा विद्यार्थ्यांना आधी घेते. नोकरीचा भाग किचकट आहे. जाहिरातीत 'संबंधित शाखा' असा शब्द असतो आणि त्याचा अर्थ छाननी समिती लावते. इंजिनिअरिंग कॉलेजात बी.ई. आणि एम.ई.ची अट असल्यामुळे एम.एस्सी. सांख्यिकीवर संगणक विभागात कायम पद मिळणं अवघड. आयसरसारख्या संस्थांत, जिथे डेटा सायन्सचा वेगळा विभाग आहे, तिथे डिग्रीच्या नावापेक्षा प्रकाशित काम पाहतात. पीएचडी कोणत्या विषयाखाली नोंदवता हे तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. नोंदणीआधी विषयाचं नाव ठरवा, नंतर ते बदलणं फार त्रासाचं.

१५. नोकरी करत पीएचडी होते का?

होते. २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कोर्सवर्क चुकत नाही. आयटी कंपनीत असाल तर पेपरचे आणि कोडचे हक्क कुणाचे, हे लेखी घ्या. माझ्या एका विद्यार्थिनीचा तयार पेपर कंपनीच्या परवानगीअभावी आठ महिने पडून राहिला.

१६. मुलगी पीएचडी करायची म्हणतेय, लग्नाचं वय निघून जाईल. काय करावं?

हा प्रश्न मुलाच्या पालकांकडून मला आजवर आलेला नाही. तिला करू द्या. पीएचडी चालू असताना लग्न करता येतं, मूलही होऊ देता येतं. नियमात २४० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे आणि स्त्रियांना पीएचडीसाठी दोन वर्षं जास्त मिळतात. तिने गाईड निवडताना प्रश्न ६ मधल्या चार प्रश्नांत पाचवा घालावा: तुमच्याकडच्या किती मुलींनी पीएचडी पूर्ण केली?

१७. प्रबंध किंवा पेपर लिहिताना चॅटजीपीटी वापरला तर चालतं का?

इंग्रजी नीट करण्यासाठी माझ्याकडे चालतं, पण सांगून. संदर्भ शोधायला नाही. ही मॉडेलं अस्तित्वात नसलेले पेपर लेखकांच्या नावासकट बनवून देतात आणि परीक्षकाने एक जरी पकडला तर उरलेल्या दोनशे पानांवरचा विश्वास जातो. मोठ्या परिषदांचे याबाबतचे नियम दरवर्षी बदलतात, पाठवण्याआधी वाचा. आणि तुम्ही याच विषयाचे विद्यार्थी आहात. मॉडेल असं खोटं का रचतं, हे तुम्हाला फळ्यावर समजावून सांगता आलं पाहिजे.

१८. मॅडम, तुमच्याकडे उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळेल का?

दोन-तीन जणांना मिळते. 'आदरणीय सर' असं लिहून दोनशे जणांना पाठवलेल्या मेलला मी उत्तर देत नाही. एक पान लिहा: तुमच्या गावात, घरात, रोजच्या प्रवासात असा कुठला प्रश्न दिसतो ज्याची उत्तरं नमुन्यांमधून शिकता येतील, डेटा कुठून येईल, आणि मॉडेल फसलं तर ते तुम्हाला कसं कळेल. मराठीत लिहिलंत तरी चालेल. गुणपत्रिका जोडू नका. गेल्या वर्षी निवडलेल्या मुलाने मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या वडिलांबरोबर पहाटे बसून कांद्याच्या प्रतवारीचे नियम लिहून आणले होते, आणि व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत ते कुठे जुळत नाहीत याची यादीही. मार्चअखेरपर्यंत पाठवा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी सगळी पानं वाचते.